घडीतलं भोक : भानामतीच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

(गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरच्यांना लिहिणार असल्याचं सांगितलं होतं. मुलीच्या संमतीशिवाय तिच्याबद्दल एकही ओळ लिहिलेली नाही.)

पार्श्वभूमी

आमचा गट २०१८ च्या दिवाळीत सुरू झाला. मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. बाकीचे चौघं म्हणजे एक खाजगी वायरमन, एक लग्नाचं शूटिंग करणारा, एक मेडिकल दुकानदार आणि एक नर्स. नर्सला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, इथंही तसंच म्हणतो. २००९ मध्ये दिल्लीत इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी निघाली आणि तिच्या पाठोपाठ देशभर असे गट उगवले. मीटर, नाइट कॅमेरा, काळे टी-शर्ट. आम्ही त्या लाटेतच आलो, फक्त जरा उशिरा. टी-शर्ट आम्हीही छापून घेतले होते, खोटं कशाला बोलू.

दुकानदारानं पैसे घातले. चुंबकीय क्षेत्र मोजायचा मीटर, दोन रेकॉर्डर, इन्फ्रारेड कॅमेरा, लेसरवालं थर्मामीटर असं सगळं मिळून ३८ हजार गेले. पहिल्या वर्षातच कळलं की यातलं निम्मं सामान आपल्यालाच फसवतं. मीटर भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगला पेटतो, फ्रिजच्या मोटरला पेटतो, खिशातल्या मोबाइलला फोन आला तरी पेटतो. लेसरवालं थर्मामीटर समोरच्या भिंतीचं तापमान दाखवतं, हवेचं नाही. त्यामुळं ‘थंड हवेचा झोत’ म्हणून आम्ही टिपलेली पहिली नोंद खिडकीच्या काचेची होती. सगळं शांत झालं की रेकॉर्डर आपोआप आवाज वाढवतो आणि त्या खरखरीत माणसाला हवा तो शब्द ऐकू येतो. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या एका प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं, कडेला करडी आकृती दिसायची. व्हिक टँडी या अभियंत्यानं १९९८ मध्ये त्याचं कारण मांडलं: एका पंख्यामुळं उठणारी, कानाला न ऐकू येणारी साधारण १९ हर्ट्झची कंपनं. हे वाचल्यावर मी वर्गातली उपकरणं न्यायला लागलो आणि शूटिंगवाल्याला वाटायला लागलं की मास्तर गटाची मजा घालवतोय.

चार वर्षांत सात ठिकाणं पाहिली. बंद पडलेली जिनिंग मिल, ओसाड शाळा, घाटातला बंगला. त्यातल्या दोन ठिकाणी भूत नव्हतं, भाडेकरू होता. मालकाला त्याला हाकलायचं होतं आणि ‘तज्ज्ञांनी सांगितलं, जागा बाधित आहे’ एवढं आमच्या तोंडून हवं होतं. तेव्हा आम्ही एकच नियम केला, पैसे घ्यायचे नाहीत. पेट्रोलसुद्धा आपलं. एवढा नियम असला की झालं, असं आम्हाला वाटायचं. बाकी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

प्रकरण

नोव्हेंबर २०२२ मध्ये कृष्णाकाठच्या एका गावातून दुकानदाराकडं निरोप आला. जुना चौसोपी वाडा, अर्धा पडलेला, उरलेल्यावर पत्रा. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात घरात पुरुषभर पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा गुडघाभर. घरात आजी, दोन मुलगे, थोरली सून, धाकट्याची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. धाकट्याची बायको वारलेली. मुलगी दहावीला.

दिवाळीपासून घरात ‘चालू झालं’ होतं. पत्र्यावर दगड. पेटीतल्या कपड्यांना जळकी भोकं. पिठाच्या डब्यात हळदकुंकू लावलेलं लिंबू. आजीला आणखी एक त्रास होता, तिजोरीच्या कपाटाला हात लावला की ‘कोणतरी आत ओढतंय’. मिरजेकडच्या एका देवऋषीनं ११ हजार आणि एक बोकड सांगितला होता, शिवाय नाव न घेता नाव सांगितलं होतं. ‘उत्तरेच्या दाराची, पोटी पोर नसलेली.’ वाड्याच्या उत्तरेला भिंतीला भिंत लागून भावकीतली एक काकू राहते. मूलबाळ नाही, एक म्हैस, नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर. बांधाचा जुना वाद होताच. त्यात आजीच्या म्हशीचं दूध कमी झालेलं. बाकीचं आजीनं स्वतःच जुळवलं.

कुणाला भुताचा राग आला तर काय होतं ते आम्हाला माहीत नाही. गावाला एखाद्या बाईचा राग आला की काय होतं ते माहीत आहे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे जवळजवळ शब्दशः आहे. अमुक माणूस करणी करतो असं भासवणं, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं म्हणणं, करणीच्या नावाखाली मारहाण करणं किंवा रोजच्या वावरावर बंदी घालणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. भूत असल्याचं भासवून लोकांत घबराट पसरवणंही त्यात येतं. म्हणजे ‘इथं काहीतरी आहे’ असं कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या आमच्यासारख्या गटानंही तो कायदा एकदा नीट वाचावा. आम्ही तोवर वाचला नव्हता.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी निघाल्या.

शूटिंगवाल्याचं म्हणणं, नेहमीसारखं एक रात्र बसू. अंधार, कॅमेरे, सकाळी निकाल. यात अडचण साधी होती. घरच्यांच्या सांगण्यात रात्रीचं काही नव्हतंच, सगळं दिवसाढवळ्या, दिवेलागणीच्या आत.

सिस्टरचं म्हणणं, आपण बाजूला व्हावं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना कळवावं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून भानामतीची प्रकरणं हाताळते आहे. त्यांची रीत ठरलेली असते. घरातल्या प्रत्येकाशी एकट्यानं बोलायचं, करणारं माणूस घरातलंच असतं हे धरून चालायचं, ते बहुधा त्या घरात सगळ्यात कमी बोलायला मिळणारं असतं, आणि त्याचं नाव चारचौघात फोडायचं नाही. हे सगळं सिस्टरला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण चार वर्षांत पहिल्यांदा खरं प्रकरण हाती आलं होतं आणि ते दुसऱ्याला द्यायचं माझ्या जिवावर आलं. या अभ्यासातला पहिला चुकीचा निर्णय हा, आणि तो माझा.

तिसरा पर्याय मी मांडला. यंत्रं घरी ठेवायची, वही न्यायची. काही दिवस रोज दुपारी तिथं जाऊन प्रत्येक घटना लिहायची. बहुमत तिकडं गेलं. पण शूटिंगवाल्याचं मन राखायला एक रात्रही कबूल केली.

काय केलं

त्या रात्री मीटर देवघराशेजारच्या भिंतीला लाल झाला आणि तिजोरीपाशी तर ओरडायलाच लागला. शूटिंगवाला खूश. वायरमननं खिशातला टेस्टर काढून कपाटाला लावला, टेस्टर पेटला. पुरात भिजलेल्या भिंतीत जुनी वायर कुजून करंट ओल्या भिंतीतून लोखंडी कपाटात उतरत होता. घराला अर्थिंग नव्हतंच. आजीला ओढणारं जे होतं ते हे. दुसऱ्या दिवशी वायरमननं स्वतःच्या खर्चानं अर्थिंग केलं, तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवला. बसवल्या-बसवल्या तो चार वेळा पडला, चार वेळा त्यानं फॉल्ट शोधला. आजी पाचव्यांदा कपाटाला हात लावून हसली.

हा यशाचा क्षण आम्हाला महागात पडला. एका गोष्टीचं भौतिक कारण सापडलं म्हणून घर आमच्यावर विश्वास ठेवायला लागलं, आणि आम्ही स्वतःवर जरा जास्तच. दगडांचं आणि कपड्यांचंही असंच काहीतरी ‘शास्त्रीय’ निघेल या भ्रमात मी आठवडाभर पत्र्याचं प्रसरण मोजत बसलो. पत्रा संध्याकाळी थंड होताना वाजतो हे खरं. पण वाजणारा पत्रा अंगणात खडी पाडत नाही.

दोनशे पानी वहीत पाच रकाने आखले होते: वेळ, जागा, घरात कोण कोण, आधी कुणाला दिसलं, मग कुणाला. एकोणीस दिवसांत तेवीस नोंदी झाल्या. बहुतेक सगळ्या साडेचार ते सातच्या मधल्या. दोन दिवस एकही नाही. त्या दोन दिवशी थोरली सून आणि मुलगी, दोघी मिरजेला लग्नाला गेल्या होत्या.

आधी दगड बघितले. सगळे खडीचे, परसात न्हाणीघरासाठी टाकलेल्या ढिगातले. दोन-चार खड्यांना साबणाचं पांढरं लागलेलं होतं. पत्र्यावर चढून पाहिलं तर पोचे परसाकडच्या उतारावर होते. काकूच्या अंगणातून फेकलेला दगड त्या उतारावर पडूच शकत नाही, मधे वाड्याचा कणा आहे. हे मी वहीत लिहिलं, चित्र काढलं. पुढं हे कामाला का आलं नाही, त्याबद्दल नंतर.

मग कपडे. आजीचं एक इरकली लुगडं आम्हाला दाखवलं, ‘आठ ठिकाणी जळलंय बघा.’ सिस्टरनं ते हातात घेतलं आणि काही न बोलता जुन्या घडीवर परत घडी घातली. आठ भोकं एकावर एक आली. आठ पदरांतून आरपार गेलेलं एकच भोक, रुपयाएवढं, कडेला तपकिरी, मधे राख. काडीनं पेटवलेलं कापड असं जळत नाही, ते भसकन पेटतं. हे धुमसलेलं होतं. सिस्टरनं लुगडं नाकाला लावलं आणि माझ्याकडं दिलं. मोगऱ्याची उदबत्ती.

हे महत्त्वाचं होतं, कारण घडीत खोचलेली उदबत्ती धुमसून धूर बाहेर यायला वेळ घेते. ठेवणारं माणूस तेव्हा तिथं नसतं, चारजणांत बसलेलं असतं. तेवीसपैकी चौदा वेळा आधी दिसलं होतं थोरल्या सुनेला. शूटिंगवाला पहिल्या दिवसापासून म्हणत होता, तीच. दुकानदारालाही ते पटलं होतं. विधुर दिराचा संसार अंगावर, सासू तोंडाची तिखट, कारणं तर ढीगभर. त्या रात्री आम्ही थोरल्या भावाला हे सांगायला निघालो होतो. गाडीत बसलो होतो. सिस्टरनं दार उघडं धरून ठेवलं आणि म्हणाली, ‘स्वयंपाकघरात दिवसभर तीच असते. आधी दिसणार तिलाच. वहीत असं कोण आहे की जिला एकदाही आधी दिसलेलं नाही?’

मी टॉर्च लावून रकाना वाचला. तेवीस नोंदी, मुलगी घरात तेवीस वेळा, आधी दिसलं शून्य वेळा.

तरीही ते अनुमानच. पुढच्या आठवड्यात थोरली सून तीन दिवस माहेरी गेली. त्या तीन दिवसांत चार नोंदी झाल्या. आम्ही त्या दिवशी गाडीतून उतरलो नसतो तर एका निरपराध बाईचा संसार मोडला असता आणि भानामती चालूच राहिली असती.

दोन निर्णय, एक रात्र

हे सगळं जुळत असतानाच शूटिंगवाल्यानं सांगितलं, ‘माझ्याकडं पुरावा आहे.’ त्यानं अर्थिंगच्या कामाच्या दिवशी कपड्यांच्या खोलीत, देवाच्या फळीवर, इन्फ्रारेड कॅमेरा ठेवला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही. अकरा सेकंदांचा तुकडा: एक हात, काचेची बांगडी, पेटीचं झाकण.

सिस्टर खुर्चीवरून उठली. ‘त्या खोलीत बायका कपडे बदलतात.’ एवढंच बोलली. मग विचारलं, किती तासांचं आहे, कुणी कुणी बघितलंय, कुठं ठेवलंय. सगळं आमच्यासमोर पुसायला सांगितलं.

मी मधे पडलो. म्हटलं, ‘आत्ता नको, पुरावा म्हणून राहू दे, प्रकरण मिटलं की पुसू.’ दुसरा चुकीचा निर्णय. पुरावा कुणाला दाखवायचा होता? कोर्टात जायचं नव्हतं, घरच्यांना दाखवायचा नव्हता. माझ्यातल्या मास्तराला फक्त उत्तर बरोबर आलंय हे बघायचं होतं.

मुलीशी सिस्टर एकटीच बोलली. शाळेच्या बाकावर, वर्गशिक्षिका पाच-सहा बाकं सोडून वही तपासत बसलेली. आम्ही पुरुष त्या आवारातही नव्हतो, एवढं तरी बरोबर केलं. सिस्टरनं तिला पकडलं नाही. तिनं विचारलं, ‘दिवाळीत काय झालं होतं गं?’ दीड तास लागला. दिवाळीत पाहुणे येऊन गेले होते. आजीच्या भाचीचा दीर, कारखान्यावर नोकरी, अठ्ठावीस वर्षांचा. दहावीची परीक्षा झाली की साखरपुडा, असं तिच्यासमोरच ठरलं आणि तिला चहा ठेवायला सांगितलं. पहिला दगड त्या संध्याकाळी. तो तिनं रागानं फेकला होता, करणी म्हणून नाही. भानामती तिला आजीनंच शिकवली. ‘आजी म्हणली, आता या घरात कोण सोयरीक करंल. मग मी थांबलेच नाही, ताई.’

दगड पडतात तोवर पाहुणे येणार नव्हते. लबाडी म्हणा, पण हिशेब पक्का होता.

सिस्टरनं तिला तीन शब्द दिले. तुझं नाव आमच्यापैकी कुणी घेणार नाही. लग्नाचं आम्ही बघतो. आणि तू उद्यापासून उदबत्तीला हात लावायचा नाहीस, कारण ज्या पेटीत ती ठेवतेस तिच्यावर तुझी आजी झोपते. तिसऱ्याला ती रडली.

लग्नाचं काम त्यामानानं सोपं निघालं. वर्गशिक्षिका आणि सिस्टर वडिलांना भेटल्या. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे शांतपणे सांगितलं. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबरही सांगितला. वडील बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मला तरी कुठं पायजे हुतं, आईनं धरलं.’ मुलीला सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दोनदा नेलं, ‘डोकेदुखी’ म्हणून.

अवघड गेलं ते घरच्यांना काय सांगायचं हे. आदल्या रात्री आम्ही चार वाक्यं लिहिली. ‘हे भुताचं नाही. हे माणसाच्या हातून होतंय. बाहेरच्या माणसाच्या नाही. उद्यापासून होणार नाही.’ तिसऱ्या वाक्यावर तासभर वाद झाला. ते बोललो तर काकू सुटते. पण बाहेरचं नाही म्हणजे आतलं, आणि आत बायका तीनच. आजी स्वतःला वगळणार, थोरलीला धरणार, थोरली जीव वाचवायला मुलीकडं बोट दाखवणार. दोन दिवसांत मुलीचं नाव निघालं असतं आणि सिस्टरनं दिलेला शब्द मोडला असता. मी तिसरं वाक्य खोडलं. सगळ्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सोप्यात बसून तीनच वाक्यं सांगितली. आजीनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘माणसाच्या हातनं. मंग मी काय सांगत हुते?’ आणि तिनं उत्तरेच्या भिंतीकडं पाहिलं.

निष्पत्ती

डिसेंबरपासून उदबत्ती नाही, लिंबू नाही. फेब्रुवारीत एकदा पत्र्यावर दगड आला. सिस्टरच्या मते तो गावातल्या पोरांचा होता, मी नोंद करून सोडून दिलं. मुलगी दहावी झाली, तालुक्याला अकरावीला आली. बारावीनंतर तिचं काय, हे तिच्या आजीच्या तब्येतीवर अवलंबून आहे, असं ती स्वतःच सिस्टरला हसत म्हणाली.

देवऋषीला ११ हजार गेलेच. बोकडही गेला. त्रास थांबल्याचं श्रेय घरात आजही त्याच्याकडं आहे, ‘पोरांनी लाइट चांगली केली’ हे आमच्याकडं. याचं आम्हाला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मुलीच्या दृष्टीनं हा निकाल फार सोयीचा होता. देवऋषीनं घालवलं म्हटल्यावर करणारं कोण हे कुणी शोधत नाही.

काकूचं मात्र वाईट झालं. जानेवारीत शूटिंगवाल्यानं चाळीस सेकंदांचा तुकडा आपल्या स्टेटसला ठेवला. मुलीचा हात नव्हता त्यात, तेवढी त्याला लाज होती. त्यात आजी होती, सोप्यात बसून, उत्तरेच्या दारच्या बाईचं नाव घेऊन रडणारी. खाली आमच्या गटाचं चिन्ह. रात्रीतून तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूला कुणी बोलावलं नाही. पिठाच्या गिरणीत तिचा डबा शेवटी ठेवायला लागले. तिच्यावर कुणी हात टाकला नाही, तक्रार करण्याजोगं एकही काम कुणी केलं नाही, आणि गावात तिला जगणं नको झालं. सिस्टरनं तिला पोलिसात जायचं सुचवलं. ती म्हणाली, ‘जाऊन सांगू काय? डबा मागं ठेवला म्हणून?’

शूटिंगवाला त्याच आठवड्यात गटातून गेला. कॅमेऱ्यातलं सगळं आमच्यासमोर पुसलं, पण त्याआधी दुसरीकडं काय उतरवलं होतं ते आम्हाला कसं कळणार. दुकानदार महिन्याभरानं सुटला. आज आम्ही तिघं आहोत.

वेगळं काय करता आलं असतं

चित्रीकरणाचं फार बोलत नाही, कारण ती चूक उघड आहे. राहत्या घरात आता कॅमेरा नेत नाही, कुणी परवानगी दिली तरी नाही, कारण परवानगी देणारा नेहमी घरातला कर्ता पुरुष असतो आणि चित्रात येणाऱ्या बायका. हा नियम २०१८ च्या त्या पहिल्या दिवाळीतच लिहिला असता तर कुणाला दुखवावं लागलं नसतं. नियम नसताना प्रत्येक ‘नको’ माणसाला लागतं, आणि मित्राला नको म्हणायचं टाळताना मी तीन वेळा ‘बघू’ म्हणालो होतो. दिवसा चालणाऱ्या गोष्टीसाठी रात्र द्यायची नव्हती, हेही त्यातलंच एक ‘बघू’.

प्रकरण अनुभवी कार्यकर्त्यांना दिलं असतं तर? माझ्या मते मुलीपर्यंत ते आठवड्याभरात पोचले असते. वायरिंग कदाचित राहून गेलं असतं.

तिसऱ्या वाक्याबद्दल मात्र मी अजून ठाम नाही. आम्ही मुलीला वाचवलं आणि त्याची किंमत काकूनं मोजली, हे खरं आहे. ते वाक्य ठेवलं असतं तर किंमत मुलीनं किंवा थोरलीनं मोजली असती. सिस्टर म्हणते, आम्ही केलं तसंच करावं लागलं असतं; मी म्हणतो, कदाचित. पण आम्ही दोघांनी ज्याचा विचारच केला नाही तो मार्ग वेगळाच होता: आतलं कोण हे न सांगता, काकू नव्हती एवढंच सिद्ध करणं. पत्र्यावरचे पोचे त्या कामाचे नव्हते, ते परसाकडं बोट दाखवतात. हवी होती ती तिची हजेरी. वहीत पाच रकाने होते, त्यात घरातल्या सगळ्यांची नोंद होती, आणि जिच्यावर आरोप होता तिच्यासाठी रकाना नव्हता. ती घटनेच्या वेळी कुठं होती, हे एकोणीस दिवसांत आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. ती निर्दोष आहे हे आम्हाला इतकं उघड वाटत होतं की ते लिहून ठेवायला हवं असं सुचलंच नाही.

मे महिन्यात सिस्टर आणि मी तिच्या घरी गेलो, माफी मागायला. तिनं चहा केला. बोलता बोलता दुधाचा विषय निघाला आणि तिनं खुंटीवरची तार खाली काढली. डेअरीच्या पावत्या, दोन्ही वेळच्या, गेल्या दिवाळीपासून ओवलेल्या. तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ आणि खाली बारीक अक्षरात वेळ. १७.४२. १७.५१. १८.०५. डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, रांग धरून यायला-जायला तास जातो. मी गाडीतून वही आणली. तेवीसपैकी नऊ नोंदींच्या वेळी ती संकलन केंद्रावर उभी होती आणि ते मशीननं छापलेलं होतं.

त्या नऊ पावत्या घेऊन आम्ही शेजारी आजीकडं गेलो. एकेक समोर मांडली, शेजारी वहीतली नोंद. या दिवशी लिंबू निघालं तेव्हा ती इथं होती, या दिवशी लुगडं जळलं तेव्हा इथं. आजीनं चष्मा लावला, पावत्या उजेडाकडं धरून एकेक करून बघितल्या, बराच वेळ.

‘सात पॉइंट आट फॅट,’ ती म्हणाली. ‘सरकी घालतीया वाटतं म्हशीला.’